आयआरसीच्या बॉटला मराठी कमांड शिकवायच्या तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चॅटबॉट म्हटला की आजकाल पुरवण्यांत आणि महाविद्यालयांच्या प्रकल्प-याद्यांत एकच पाककृती दिसते: कुठल्यातरी कंपनीची एपीआय की घ्यायची, चार ओळी चिकटवायच्या, झाला बॉट. पदविका किंवा अभियांत्रिकीच्या मुलाला यातून नेटवर्क कसे चालते याचा पत्ताही लागत नाही. त्याऐवजी एक जुना, बिनखर्चाचा आणि कितीतरी जास्त शिकवणारा पर्याय आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, तो म्हणजे आयआरसी या इंटरनेटवरच्या जुन्या गप्पा-व्यवस्थेच्या चॅनलवर, म्हणजे गप्पांच्या खोलीत, साध्या कमांडना आपोआप उत्तर देणारा बॉट. यावर इंग्रजीत मजकूर भरपूर आहे. पण कमांड देवनागरीत असली की नेमके कुठे काय मोडते, हे त्यात जवळजवळ नसतेच. पत्र लांबले आहे ते त्यामुळे.

आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये सुरू केले. त्याचे नियम मे १९९३ मध्ये आरएफसी १४५९ या दस्तऐवजात लिहिले गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रोबी पॉइंटर यांनी एगड्रॉप हा बॉट लिहिला. तो आजही चालतो. आयआरसी संपले असा समज आहे, तो खरा नाही. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कचे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवे नेटवर्क उभे केले. मुक्त सॉफ्टवेअरचे कितीतरी प्रकल्प आज तिथे भेटतात, डेबियनची मंडळी ओएफटीसी या दुसऱ्या नेटवर्कवर असतात आणि त्यांच्या बैठकांचे इतिवृत्त मीटबॉट नावाचा बॉट ‘#स्टार्टमीटिंग’पासून ‘#एंडमीटिंग’पर्यंत आपोआप लिहून काढतो. विकिमीडियाच्या वेगळ्या आयआरसी सर्व्हरवर तर प्रत्येक विकीचे एक चॅनल असते. मराठी विकिपीडियात झालेली संपादने तिथे बॉट ओळीने ओतत असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. खाली आयआरसीचे आदेश देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते रोमन लिपीतच करायचे. सगळा व्यवहार साध्या मजकुराच्या ओळींचा असतो. सर्व्हरला जोडले की ‘निक’ आणि ‘युजर’ अशा दोन ओळी पाठवायच्या. सर्व्हरने ००१ क्रमांकाची स्वागताची ओळ पाठवली की नोंदणी झाली, आणि मगच ‘जॉइन’ने चॅनलमध्ये शिरायचे. कितीतरी नमुन्यांत इथे ‘पाच सेकंद थांबा’ असे लिहून मोकळे होतात. सर्व्हर त्या दिवशी सहा सेकंद घेतो आणि बॉट चॅनलबाहेर राहतो. वेळ मोजू नका, ००१ची वाट पाहा. टोपणनाव आधीच कुणी घेतले असेल तर ४३३ येतो. तेव्हा नावापुढे अधोरेघ जोडून ‘निक’ पुन्हा पाठवावे.

सर्व्हर अधूनमधून ‘पिंग’ पाठवतो, पुढे एक खूण असते. तीच खूण जशीच्या तशी ‘पाँग’बरोबर परत करायची. उत्तर गेले नाही तर काही मिनिटांत ‘पिंग टाइमआउट’ म्हणून जोडणी तुटते. बॉट चार-पाच मिनिटांनी न चुकता गळतो, अशी तक्रार असेल तर दुसरीकडे शोधू नये. काही नेटवर्के तर स्वागताआधीच पिंग करतात. ००१ आल्याशिवाय पिंगला उत्तर न देणारा बॉट तिथे दारातच अडकून बसतो.

पहिला प्रयोग प्रोग्रॅम न लिहिता हाताने करावा. जुना ६६६७ पोर्ट उघड्यावरचा, आता ६६९७वर टीएलएसने, म्हणजे मजकूर गुप्त करून, जोडायचे. ओपनएसएसएलचा ‘एस-क्लायंट’ या कामाला पुरतो. त्याला ‘सीआरएलएफ’ आणि ‘क्वाएट’ हे दोन पर्याय द्यावेत. पहिला अशासाठी की आयआरसीची प्रत्येक ओळ कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड या जोडीने संपायला हवी. दुसरा नसेल तर ओळीच्या सुरुवातीचे मोठे ‘क्यू’ हे अक्षर एस-क्लायंट स्वतःसाठीचा हुकूम समजतो आणि ‘क्विट’ टाइप करताच, सर्व्हरला काही न सांगता, जोडणी बंद करतो. अर्धा तास असे हाताने पिंग-पाँग केले की पुढचा प्रोग्रॅम काय करणार आहे ते मुलांना आपोआप कळते.

प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहायचा असेल तर सॉकेट आणि एसएसएल ही दोन अंगची मॉड्यूल पुरेत. पहिला खड्डा वाचनाचा. ‘रिसीव्ह’ने आलेला तुकडा म्हणजे एक ओळ, असे गृहीत धरू नये. टीसीपीचा प्रवाह नळाच्या पाण्यासारखा असतो, बादली कुठे भरते ते नळाला ठाऊक नसते. एका तुकड्यात साडेतीन ओळी येतील, उरलेली अर्धी पुढच्या तुकड्यात. म्हणून आलेले बाइट एका बफरला जोडत जायचे, ओळ संपवणाऱ्या जोडीवर तोडायचे आणि शेवटचा अपुरा तुकडा बफरमध्ये राखून ठेवायचा. हे तोडणे बाइटच्या पातळीवरच करा, यूटीएफ-८ मधून अक्षरे काढायची ती ओळ पूर्ण झाल्यावर. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटचे असते. त्यातला एक बाइट या तुकड्यात आणि दोन पुढच्या तुकड्यात आले की आधी डीकोड करणारा बॉट तिथेच कोसळतो. रोमन गप्पांत हा दोष महिनोन्‌महिने दिसत नाही, मराठी सुरू झाले की पहिल्या दिवशी दिसतो. डीकोड करताना चुकीच्या बाइटवर थांबू नको, बदली चिन्ह घाल, असेही सांगून ठेवावे. चॅनलमध्ये जुन्या एन्कोडिंगचा क्लायंट वापरणारा एखादा तरी असतोच.

इथेच एक बारीक सापळा आहे. पायथनच्या मजकुरावरची ‘स्प्लिटलाइन्स’ ही सोय फक्त ओळीच्या शेवटावर तोडत नाही. आणखी काही नियंत्रण-चिन्हांवरही तोडते आणि आयआरसीत तिरप्या अक्षरांसाठी वापरतात ते चिन्ह, सोळा-आधारी ‘१डी’, नेमके त्यांतले एक आहे. म्हणजे कुणी वाक्याच्या मध्ये तिरपी अक्षरे सुरू केली की बॉटला तिथून नवी ओळ दिसू लागते. खोडसाळ माणूस त्या चिन्हापुढे सर्व्हरच्या ओळीसारखी दिसणारी ओळ लिहितो आणि बॉट ती सर्व्हरचीच समजतो. बाइटवर तोडले तर हा प्रश्न उद्भवत नाही.

ओळीची रचना अशी: आधी विसर्गासारखे दोन टिंब आणि पाठवणाऱ्याची ओळख, तीत टोपणनाव, उद्गारचिन्ह, युजरनाव, ‘ॲट’चे चिन्ह आणि होस्ट. मग आदेश, बहुतेक वेळा ‘प्रिव्हएमएसजी’. मग कुणासाठी ते, म्हणजे चॅनलचे नाव, आणि शेवटी पुन्हा दोन टिंब देऊन मजकूर. मजकूर वेगळा काढायला जिथे जिथे दोन टिंब येतील तिथे तोडणे ही नवशिक्यांची नेहमीची चाल. ‘सभा १०:३० ला’ लिहिले की मजकूर ‘सभा १०’वर संपतो, वेबपत्ता ‘एचटीटीपीएस’वरच. आयपीव्ही६चा होस्ट असला तर सुरुवातीच्या ओळखीतच अशी दोन टिंबे असतात. पहिली ओळख बाजूला काढावी आणि उरलेल्यात ‘मोकळी जागा आणि दोन टिंब’ ही जोडी पहिल्यांदा जिथे येते तिथे एकदाच तोडावे.

उत्तर कुठे पाठवायचे, यातही चूक होते. चॅनलमधली कमांड असेल तर लक्ष्याच्या जागी चॅनलचे नाव असते, तिथेच उत्तर द्यावे. पण कुणी बॉटला खासगीत कमांड दिली तर लक्ष्याच्या जागी बॉटचे स्वतःचेच नाव असते. तेव्हा उत्तर लक्ष्याला न देता पाठवणाऱ्याला द्यावे लागते, नाहीतर बॉट स्वतःशीच बोलू लागतो. आणि मदत दाखवताना बॉटने ‘!मदत’ने सुरू होणारी ओळ पाठवली असेल, तर ती त्याला कमांडच वाटते आणि सर्व्हर जोडणी तोडेपर्यंत तो बोलत राहतो.

कमांड ओळखण्यासाठी आधी एक खूण ठरवायची. उद्गारचिन्हाची चाल जुनी आहे. सोपेल या पायथनमधल्या तयार बॉटमध्ये मुळात एक टिंब (पूर्णविराम) असते. मराठी गप्पांत तीन-चार टिंबे देऊन वाक्य अर्धवट सोडायची सवय फार, म्हणून उद्गारचिन्ह बरे. ते असो वा टिंब, त्याला लागूनच अक्षर असेल तरच कमांड मानावी. चॅनलमध्ये आधीच दुसरा बॉट असेल तर त्याची खूण घेऊ नये, नाहीतर एका ‘!मदत’ला दोघे उत्तर देतात आणि चॅनलवाले दोघांनाही हाकलतात. कमांडांची नावे आणि त्यांची फंक्शने एका डिक्शनरीत ठेवावीत. लांबलचक ‘इफ-एल्स’ची शिडी तिसऱ्या कमांडनंतर हाताबाहेर जाते. शब्दाआधी ठळक किंवा रंगाचे नियंत्रण-चिन्ह चिकटून आले तर तुलना फसते, म्हणून ती चिन्हे आधी गाळून टाकावीत.

आता देवनागरी. पायथनच्या पुष्कळ नमुन्यांत कमांड पकडायला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायचा साचा, असते: उद्गारचिन्ह आणि मग ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ (शब्दातले कुठलेही अक्षर) एक किंवा अधिक वेळा. मुलगा ‘!मदत’ देऊन पाहतो, चालते. ‘!हवामान’ देतो, तर बॉट म्हणतो, ‘हव’ नावाची कमांड नाही. ‘!वेळ’चा नुसता ‘व’ होतो. कारण असे की पायथनच्या ‘रे’ मॉड्यूलला क, ख, ग ही अक्षरे वाटतात, पण काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही वाटत नाहीत. पहिल्या मात्रेपाशी शब्द संपला, असे ते मानते. ‘मदत’ या शब्दात एकही मात्रा नाही म्हणून चाचणी पास होते, आणि म्हणूनच चाचणीला तो शब्द घेऊ नये. जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह फक्त रोमन अक्षरांना लागू असल्याने तिथे देवनागरी कमांड मुळीच पकडली जात नाही. निदान लगेच कळते हा त्यातला फायदा. उपाय दोन्हीकडे सारखाच: ‘अक्षरे शोधा’ असे न म्हणता मोकळी जागा येईपर्यंतचे सगळे घ्या, म्हणजे ‘बॅकस्लॅश-मोठा एस’ हे चिन्ह वापरा किंवा सरळ ‘स्प्लिट’ करा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. समजा तक्रार नोंदवण्यासाठी ‘!गाऱ्हाणे’ अशी कमांड ठेवली. यातला ‘ऱ्ह’ काही कीबोर्डवर नुक्तावाल्या ‘ऱ’ला हलंत देऊन होतो, काहींवर साध्या ‘र’ला हलंत आणि मागे शून्य रुंदीचा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे, आतले आकडे वेगळे. चॅनलमधल्या अर्ध्या लोकांना बॉट उत्तर देतो, अर्ध्यांना देत नाही आणि कुणालाच कारण समजत नाही. युनिकोडचे एनएफसी, म्हणजे चिन्हे जोडून केलेले ठरावीक, रूप करून घेतले की ‘र’ आणि सुटा नुक्ता यांचा एक ‘ऱ’ होतो, पण जोडकवाले रूप तसेच राहते. ते हाताने बदलावे लागते: ‘र, हलंत, जोडक’ दिसले की ‘ऱ, हलंत’ करा. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चेही तसेच. एक चिन्ह म्हणून तो वेगळा, ‘अ’वर चंद्र दिला की वेगळा, आणि एनएफसी दोघांना एक करत नाही. चार ओळींचे एक फंक्शन लिहून कमांडचे नाव आणि डिक्शनरीतली नावे, दोन्ही त्यातून काढावीत. एकच बाजू काढली तर उपयोग नाही.

आकड्यांची गोष्ट उलटी आहे. पायथनला ‘१२’ देवनागरीत दिले तरी त्याचा ‘इंट’ बिनतक्रार बारा करतो. पण तपासणीसाठी कंसात ‘शून्य ते नऊ’ असा इंग्रजी आकड्यांचा पल्ला लिहिला असेल तर तीच संख्या दारातच नाकारली जाते. जावास्क्रिप्ट आणि एगड्रॉपची स्क्रिप्ट-भाषा टीसीएल यांना मात्र देवनागरी आकडे संख्या म्हणून कळतच नाहीत, तिथे दहा आकड्यांचा तक्ता करून आधी बदलून घ्यावे.

लांबीचा हिशेब नीट मांडतो, कारण मराठी बॉटची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. आयआरसीची ओळ, शेवटची जोडी धरून, जास्तीत जास्त ५१२ बाइटची. म्हणजे मजकूर आणि इतर सगळ्यासाठी ५१०. तुमची ओळ इतरांकडे जाताना सर्व्हर तिच्यापुढे तुमची ओळख जोडतो आणि तीही या ५१० मध्येच मोजतो. टोपणनाव ९, युजरनाव १०, होस्ट ६३ आणि मधली चार चिन्हे धरली तर ८६ बाइट गेले. आदेश, बारा अक्षरांचे चॅनल आणि मधल्या खुणा यांचे आणखी २३. उरले ४०१. रोमनमध्ये ही चारशे अक्षरे झाली, देवनागरीत फक्त १३३ चिन्हे, आणि त्यात प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजायची. ‘महाराष्ट्र’ हा शब्द म्हणायला चार अक्षरी, पण त्यात दहा चिन्हे म्हणजे तीस बाइट. रोमनमध्ये तोच अकरा बाइटचा. म्हणजे वीस-बावीस मराठी शब्दांवर ओळ संपते. पुढचे सर्व्हर गुपचूप कापतो, कधी चिन्हाच्या मधोमध, आणि वाचणाऱ्याला शेवटी काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह दिसते. बॉटला हे कळतही नाही, कारण त्याच्या नोंदीत पूर्ण ओळ गेलेली असते.

म्हणून लांबी मोजायची ती एन्कोड केल्यानंतर, बाइटमध्ये. जावास्क्रिप्टच्या ‘लेंग्थ’वर विसंबू नये, ‘बफर’ची ‘बाइटलेंग्थ’ वापरावी. साधारण ३८० बाइटची मर्यादा ठेवून त्याआधीच्या शेवटच्या मोकळ्या जागेवर ओळ तोडावी. एका कमांडला तीन ओळींपेक्षा जास्त उत्तर देऊ नये. मोठी मदत दाखवायची असेल तर वेबपत्ता द्या, चॅनल म्हणजे फळा नव्हे.

पाठवण्याच्या वेगालाही मर्यादा आहे. आरएफसी १४५९ मध्येच हिशेब दिला आहे: प्रत्येक संदेशाला दोन सेकंदांचा दंड, आणि साठलेला दंड दहा सेकंदांपुढे गेला की सर्व्हर तुमचे वाचणे थांबवतो. सोप्या भाषेत, पाच ओळी धडाधड चालतात, मग दर दोन सेकंदांना एक. प्रत्येक नेटवर्कचे आकडे थोडे वेगळे असतात, पण तरीही ओतत राहिलात तर सगळीकडे ‘एक्सेस फ्लड’ म्हणून बाहेर. उत्तरे थेट सॉकेटवर न लिहिता रांगेत टाकावीत आणि रांग दोन सेकंदांना एक या गतीने उपसावी. पाँग मात्र रांगेत घालू नये, ते लगेच गेले पाहिजे. शिवाय एकाच माणसाने तीच कमांड पाच-दहा सेकंदांत पुन्हा दिली तर गप्प राहावे. ‘थोडे थांबा’ असेही म्हणू नये, कारण तीही एक ओळच असते.

बॉटने बॉटला उत्तर देण्याचे चक्र टाळायला आयआरसीत मुळापासूनच सोय आहे: ‘नोटिस’. नोटिसला स्वयंचलित उत्तर कधीही द्यायचे नाही, हा नियम. म्हणून बॉटची उत्तरे नोटिसमध्ये द्यावीत आणि आलेल्या नोटिसकडे कमांड म्हणून पाहू नये. काही क्लायंट नोटिस वेगळ्या खिडकीत दाखवतात म्हणून लोक कुरकुरतात आणि बॉटवाले साधा संदेश वापरतात. चालेल, पण मग बॉटच्या कुठल्याच उत्तराची सुरुवात कमांडच्या खुणेने होऊ देऊ नये.

पहिल्या कमांड कोणत्या? ‘!वेळ’ चांगली, कारण भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात आणि आपला फरक साडेपाच तासांचा आहे. पाच मिळवून मोकळे होता येत नाही. पायथन ३.९ पासूनच्या ‘झोनइन्फो’ला एशिया-कोलकाता सांगावे, विंडोजवर ‘टीझेडडेटा’ वेगळे बसवावे लागते. ‘!फासे’ ही लोकप्रिय कमांड. तिला किती फासे आणि किती बाजू याची कमाल मर्यादा पहिल्या दिवसापासून हवी, कारण कुणीतरी दहा कोटी फासे टाकून बघणारच. ‘!गणित’ मात्र जपून. आलेला मजकूर ‘इव्हॅल’ला देणे म्हणजे अनोळखी माणसाला आपल्या संगणकाची किल्ली देणे, आणि ‘इव्हॅल’ टाळून फक्त आकडेमोड ठेवली तरी ‘नऊचा नऊवा घात, तितका नऊचा घात’ असे लिहून बॉट तासन्‌तास अडकवता येतो. घाताची चिन्हे बंदच ठेवावीत. वेबपानाचा मथळा किंवा हवामानाची माहिती बाहेरून आणणाऱ्या कमांडमध्ये आलेल्या मजकुरातली कॅरेज रिटर्न, लाइन फीड आणि शून्य बाइट (ज्याचे मूल्य शून्य असते तो बाइट) गाळायलाच हवीत. मथळ्यात लाइन फीड आणि पुढे ‘क्विट’ असेल तर बॉट स्वतःच ‘येतो’ म्हणून निघून जातो. त्याहून वाईट आदेशही घुसवता येतात.

मालकासाठीच्या कमांड, म्हणजे ‘!बंद’ किंवा ‘!बोल’, टोपणनाव पाहून कधीच देऊ नयेत. मालक झोपला की त्याचे नाव कुणीही घेऊ शकतो. नेटवर्कवर नोंदवलेले खाते पाहावे. लिबेरावर ते ‘हूइज’ या माणसाची माहिती विचारणाऱ्या आदेशाच्या ३३० क्रमांकाच्या ओळीत मिळते, किंवा ‘अकाउंट-टॅग’ ही सोय मागून घेतली तर प्रत्येक संदेशाबरोबरच येते. नावांची तुलना करतानाही एक गंमत: जुन्या नियमात महिरपी कंस आणि उभी रेघ ही चौकोनी कंस आणि उलट्या तिरप्या रेघेची ‘लहान अक्षरे’ मानली जातात, कारण स्कँडिनेव्हियातल्या जुन्या अक्षरसंचांत त्या जागी त्यांची स्वतःची अक्षरे होती. कंस असलेली नावे नुसत्या ‘लोअर’ने जुळवली तर म्हणून चुकते.

बॉटचे स्वतःचे खाते असेल तर सॅसल या ओळख पटवण्याच्या पद्धतीने आत शिरावे. ‘कॅप’ या जादा सोयी मागण्याच्या आदेशाने सॅसल मागायचे, ‘ऑथेंटिकेट प्लेन’ म्हणायचे, मग शून्य बाइट, खाते, शून्य बाइट, पासवर्ड हे बेस६४ करून पाठवायचे. ९०३ आला की झाले, ९०४ म्हणजे पासवर्ड चुकला. त्यानंतर ‘कॅप एंड’ पाठवायला विसरले की नोंदणी पुढे सरकतच नाही, हा इथला ठरलेला घोळ. पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहू नये, तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावा. प्रकल्प गिटहबवर चढवताना पासवर्डही चढतो आणि मागाहून पुसला तरी इतिहासात राहतो.

तयार साधनांबद्दल थोडे. एमआयआरसीत एका ओळीत कमांड होते, पण ती स्वतः टाइप करून तपासू नका. ‘ऑन टेक्स्ट’ ही घटना इतरांच्या मजकुरावर घडते, स्वतःच्या नाही. स्क्रिप्ट चालतच नाही म्हणून लोक डोके धरतात आणि स्क्रिप्ट ठीक असते. ती ‘रिमोट’च्या पानावर लिहिलेली असावी एवढे बघा. एगड्रॉपमध्ये ‘बाइंड पब’ने कमांड एका प्रोसिजरला बांधतात. तिला टोपणनाव, होस्ट, हँडल, चॅनल आणि मजकूर असे पाच घटक याच क्रमाने मिळतात, चारच लिहिले तर चालत नाही. मजकुरातला पहिला शब्द काढायला सरळ ‘एलइंडेक्स’ लावू नये. मजकूर ही यादी नसते, आणि कुणी सुटा महिरपी कंस टाइप केला की ‘कंस जुळत नाही’ म्हणून स्क्रिप्ट पडते. आधी ‘स्प्लिट’, मग ‘एलइंडेक्स’. एगड्रॉप रूट (संगणकाचा सर्वाधिकारी युजर) म्हणून चालायला नकार देतो, त्याला मुकाट्याने वेगळा युजर करून द्यावा. सोपेल आणि लिम्नोरिया पायथनमधले, दोन्ही उत्तम. पण मुलांनी एकदा तरी उघड्या सॉकेटवर बॉट लिहून मगच त्यांच्याकडे वळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाहीतर त्यांतले दोष त्यांना कधी कळणार नाहीत.

घरच्या संगणकावर बॉट चालवणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची बाब. वीज गेली की जोडणी नीट बंद होत नाही आणि सर्व्हरला काही मिनिटे बॉट हजरच वाटतो. वीज येऊन बॉट परत शिरला की ४३३ मिळतो. तात्पुरत्या नावाने आत जाऊन निकसर्व्ह या टोपणनावे सांभाळणाऱ्या सेवेला ‘गोस्ट’ किंवा ‘रीगेन’ सांगावे, म्हणजे जुने भूत उतरते. उलट बाजूने, राउटर बंद पडला तर बॉटलाही जोडणी तुटल्याचे कळत नाही आणि तो शांतपणे वाट पाहत बसतो. चार-पाच मिनिटांत काहीच आले नाही तर स्वतः पिंग पाठवावे, तरीही शांतता असेल तर पुन्हा जोडावे. पुन्हा जोडताना आधी दहा सेकंद, मग वीस, मग चाळीस असे वाढवत पाच मिनिटांपर्यंत थांबावे. सेकंदागणिक दार ठोठावणाऱ्या पत्त्यावर नेटवर्के बंदी घालतात, आणि वसतिगृहात एकच पत्ता सगळ्यांचा असला तर ती सगळ्यांना भोवते.

बॉट आधी स्वतःच्या चॅनलमध्ये चालवावा. कुणी न वापरलेल्या नावाने ‘जॉइन’ केले की चॅनल तयार होते, लिबेरावर असे अनौपचारिक चॅनल दोन हॅशने सुरू करतात. दुसऱ्याच्या चॅनलमध्ये नेण्यापूर्वी तिथल्या ऑपरेटरांना विचारावे, आणि बॉट संभाषण साठवत असेल तर तसे चॅनलच्या विषय-ओळीत लिहून घ्यावे. आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत जागा असेल तर वरच्या मजकुरातला देवनागरीचा आणि ५१० बाइटच्या हिशेबाचा भाग तरी वेगळा छापावा, ही विनंती. त्याबरोबर ‘!हवामान’, ‘!वेळ’ आणि ‘!गाऱ्हाणे’ हे तीन शब्द चाचणीसाठी अवश्य द्यावेत.

आपले,
मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे काही वाचक, पुणे